तालमीपुरता चोर

वाघळगावच्या खालच्या गल्लीत चोरी करायची तर चोरापुढं दोनच अडचणी होत्या. एक साळूबाईचं कुत्रं. ते भुंकत नसे, पण पायात येई. दुसरी अडचण म्हणजे, न्यायचं काय? तरी शहाण्णव साली ऐन कापसाच्या वेचणीत चोर आला, आणि दिवसाढवळ्या आला. त्याचंही बरोबरच होतं म्हणा. रात्री गल्लीत माणसं असतात. वेचणीच्या दिवसांत सकाळी गल्लीत बघावं तर नुसती कुलपं.

त्या कुलपांच्या किल्ल्या भुजंगकडं असत. ही रीत कुणी ठरवून पाडलेली नव्हती. कधीकाळी पुंजारामच्या बायकोनं किल्ली कमरेच्या ओटीत टाकली, ओटीतला कापूस गाडीत गेला, आणि घराची किल्ली कापसाबरोबर जाफराबादेला विकली गेली. पुंजाराम स्वतःच्याच ओसरीत पाहुण्यासारखा झोपला. तेव्हापासून रानात जाताना गल्लीतला जो तो भुजंगच्या खिडकीत हात घालून किल्ली खिळ्याला अडकवून जाऊ लागला.

भुजंग शिंपीकाम करायचा. डावा पाय लहानपणीच वाळलेला, त्यामुळं रान त्याच्या वाट्याला आलं नाही. उजव्या पायानं मशीन चालवायची आणि दिवसभर खिडकीशी बसायचं. खिडकीच्या आतल्या अंगाला खिळ्यांची ओळ होती. गावात कुणाकडं जमीन होती, कुणाकडं ट्रॅक्टर होता. भुजंगकडं किल्ल्या होत्या. त्याच्या लग्नाचं बघत होते तेव्हा शेजारची साळूबाई पाहुण्यांना म्हणायची, "पायाचं सोडा वो. भिंत बघा भिंत!" पाहुणे भिंत बघायचे, चहा प्यायचे आणि जायचे. लग्न जमलं नाही, पण भिंतीची कीर्ती धावड्यापर्यंत गेली.

तर चोर आला. त्यानं कुलपाला हात लावला नाही. कोयंडाच उचकटला. पुंजारामच्या घरातून रेडिओ नेला आणि रेडिओतले सेल काढून उंबऱ्यावर ठेवून गेला. दुसऱ्या घरातून पितळी घागर नेली. पाणी मात्र बादलीत ओतून ठेवलं. तिसऱ्या घरी बेसनाच्या लाडवांचा डबा गेला, आणि त्या घरची बाई सगळ्यांत जास्त रडली. दर वेळी कुलूप शाबूत, किल्ली भुजंगच्या खिळ्यावर शाबूत, आणि दार सताड उघडं.

मग चौकीतले जमादार तातेराव गल्लीत आले. त्यांनी कोयंडे पाहिले, कुत्र्याला बाजूला सारलं आणि ग्रामसुरक्षा दल काढायचं ठरवलं. दलाचा कप्तान झाला मच्छिंद्र.

मच्छिंद्रची पिठाची गिरणी होती आणि त्याला पंचायतीत निवडून यायचं होतं. त्याची नि भुजंगची दोस्ती चड्डीला नाडी नसल्यापासूनची. शाळेत मच्छिंद्रनं भुजंगला खांद्यावर बसवून नेलं होतं आणि भुजंगनं वरून लोकांच्या बोरी झोडपल्या होत्या. दलाचे खाकी सदरे भुजंगनंच शिवले. कापडाचे पैसे दलाचे, शिलाई दोस्तीची.

दल महिनाभर शिट्ट्या वाजवत हिंडलं. चोर सापडला नाही, पण शिट्ट्यांमुळं म्हशी दूध देईनात अशी तक्रार आली. तेवढ्यात तालुक्याचे फौजदारसाहेब दल पाहायला येणार असा निरोप आला. जमादारांनी डोकं चालवलं. साहेबांपुढं रंगीत तालीम करायची. गल्लीतून एक चोर चोरी करून निघेल, दल त्याला पकडेल, साहेब बॅटऱ्या वाटतील.

"चोर कोण होणार ते तू ठरीव," जमादार मच्छिंद्रला म्हणाले. "पण कुणाला सांगू नको. दलालाबी न्हाई, मलाबी न्हाई."

"तुमाला काहून न्हाई, साहेब?"

"पोलिसाला चोर आधीच ठाऊक असला का लोक भलताच अर्थ काढतेत."

मच्छिंद्र सरळ भुजंगच्या खिडकीशी आला. भुजंग काजं करत होता.

"दुसरं कुणी न्हाई गावलं का?" सगळं ऐकून भुजंगनं विचारलं. "वाळक्या पायाचा चोर कुठं असतो?"

"आरं, तेच तर! ज्याच्यावर कुणी वहीम घेणार न्हाई असा माणूस लागतो. पुऱ्या गावात तसा एकच हाये." मच्छिंद्रनं खिळ्यांकडं बोट केलं. "इज्जतीचं काम हाये लेका. घर माझंच फोड. फोड म्हंजे, किल्ली हायेच तुझ्याकडं."

"काय नेऊ?"

"लांबून दिसंल असं. टीव्ही ने."

इज्जतीचं काम म्हटल्यावर भुजंगला नाही म्हणता येईना. त्यानं चोरासाठी काळी बंडीसुद्धा शिवून घेतली. मग काळ्या बंडीत घाम येतो म्हणून ती घातली नाही.

गुरुवारी सकाळी मारुतीच्या पारापुढं मांडव पडला. फौजदारसाहेब खुर्चीत, जमादार खुर्चीमागं, मच्छिंद्र खुर्चीच्या बाजूला. त्या दिवशी रानात कुणी गेलं नाही. चोर बघायला सगळं गाव पाराशी आलं. दल गल्लीच्या तोंडाशी, बोळात, हापशाजवळ दबा धरून बसलं. साहेबांनी घड्याळ पाहून मान हलवली. भुजंगनं खिळ्यावरची किल्ली काढली, मच्छिंद्रचं कुलूप उघडलं, काळा-पांढरा टीव्ही उचलून खांद्यावर घेतला, कुलूप पुन्हा लावलं, कारण सवय, आणि लंगडत लंगडत गल्लीतून निघाला.

बोळात दबा धरून बसलेल्यानं त्याला पाहिलं. "दमानं, भुजंगभाऊ," तो कुजबुजला, "चोर यायचाय आत्ता."

हापशाजवळच्यानं साळूबाईच्या कुत्र्याला त्याच्या वाटेतून हाकललं.

गल्लीच्या तोंडाशी कडूबा होता. कडूबा म्हणजे दलातला सगळ्यांत उंच गडी, तोंडात शिट्टी कायमची. त्यानं भुजंगला लंगडताना पाहिलं आणि शिट्टी काढून म्हणाला, "आरं आरं आरं! एवढं वझं घेऊन कुठं चाललास?"

भुजंग इमानदार माणूस. खोटं बोलायचं नाही आणि गुपितही फोडायचं नाही. तो म्हणाला, "पाराकडं."

"साहेबाला क्रिकेट बघायचं असंल," कडूबा स्वतःशीच म्हणाला. "इकडं दे." आणि त्यानं टीव्ही स्वतःच्या डोक्यावर घेतला.

अशा रीतीनं अंगात खाकी सदरा, दंडाला दलाचा पट्टा आणि डोक्यावर चोरीचा माल घेऊन कडूबा पुढं, आणि चोर हात हलवत मागं, असे दोघं मांडवात आले. कडूबानं टीव्ही साहेबांच्या पुढ्यात ठेवला, सलाम ठोकला आणि वायर कुठं लावायची म्हणून इकडंतिकडं पाहू लागला.

साहेब बराच वेळ टीव्हीकडं पाहत राहिले. मग म्हणाले, "चोर कुठंय?"

भुजंगला वाटलं, आता सांगायला हरकत नाही. तालीम संपली.

"मी, साहेब," तो म्हणाला. "मी चोर."

मांडव हसला. साळूबाई तर डोळ्याला पदर लावून हसली. भुजंगही हसला. साहेब हसले नाहीत.

"म्हणजे चोराचा माल तुमच्या दलानं वाहून आणला?" साहेब मच्छिंद्रकडं वळले. "हे दल आहे का हमाली? अशा दलाला बॅटऱ्या द्यायच्या? आजच बरखास्त करतो. कप्तान कोण आहे याचा?"

कप्तान कोण ते सगळ्यांना माहीत होतं. सगळं गाव मच्छिंद्रकडं पाहू लागलं, म्हणजे मतदारच. मच्छिंद्रच्या कपाळावर पीठ नव्हतं तरी ते पांढरं झालं. भुजंगनं त्याला डोळ्यानंच खुणावलं, सांग की, काही होत नाही, दोघं मिळून शिव्या खाऊ. बोरी झोडपल्या तेव्हाही दोघांनी मिळूनच खाल्ल्या होत्या.

"साहेब," मच्छिंद्र म्हणाला, "तालमीचा चोर येगळा होता. त्याला सकाळी हगवण लागली. त्यो आलाच न्हाई."

"मग हा कोण?"

मच्छिंद्र मांडवाच्या खांबाकडं पाहून बोलला, "ह्यो खराच."

भुजंग पुन्हा हसला. मच्छिंद्रचे विनोद असेच असत, तोंडावरची रेषसुद्धा हलायची नाही. पण आता हसणारा तो एकटाच होता.

"आमचा वहीम पयल्यापासून होता, साहेब," मच्छिंद्रची गाडी उताराला लागली. "सगळ्या गल्लीच्या किल्ल्या ह्याच्यापाशी. आज तालमीच्या गडबडीत ह्यो हात मारनार, हे मी ताडलं. मंग दलानं काय केलं, आरडाओरडा न करता, गोडीगुलाबीनं, मुद्देमालासकट थेट तुमच्यापुढं आणून हुभा केला. काय कडूबा?"

कडूबाच्या हातात अजून टीव्हीची वायर होती. त्यानं वायरकडं पाहिलं, साहेबांकडं पाहिलं आणि छाती पुढं काढली. "व्हय साहेब. गोडीगुलाबीनं."

"पण चोऱ्या कोयंडे उचकटून झाल्या ना?" साहेबांनी विचारलं. "याच्याकडं तर किल्ल्या आहेत."

"म्हनूनच तर उचकटले, साहेब! किल्लीनं उघडलं असतं तर वहीम थेट ह्याच्यावर आला नसता का?"

साहेबांना हे एकदम पटलं. इतका साधा मुद्दा आपल्याला कसा सुचला नाही, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

"मच्छिंद्रा," भुजंग म्हणाला. आवाज त्याला स्वतःलाच लांबून आल्यासारखा वाटला. "आरं, सांग ना. तूच म्हनलास ना, टीव्ही ने म्हनून."

"बघा साहेब," मच्छिंद्र खांबालाच म्हणाला. "आता माझ्यावर ढकलून राह्यला."

जमादार तातेरावांना चोर कोण ते माहीत नव्हतं, आणि नव्हतं याचा त्यांना आता फार आनंद झाला. दलाला बॅटऱ्या मिळाल्या. मच्छिंद्रनं मोठ्या मनानं तक्रार दिली नाही. "गावातलाच माणूस हाये, साहेब, माफ करा," असं म्हणून त्यानं हातसुद्धा जोडले. तेव्हा भुजंगनं दर गुरुवारी चौकीत हजेरी द्यावी, एवढ्यावर भागलं. लोकांनी मच्छिंद्रच्या मोठ्या मनाला टाळ्या वाजवल्या.

किल्ल्या त्याच संध्याकाळपासून जायला लागल्या. कुणी भांडायला आलं नाही. भांडायला आलं असतं तर बरं झालं असतं. पुंजाराम म्हणाला, कुलपाला तेल पाजायचंय. कुणी म्हणालं, पाहुणे येऊन राह्यले. कडूबाची आई म्हणाली, "न्हाई, तसं काही न्हाई रे बाबा," आणि काय तसं नाही ते न सांगताच किल्ली घेऊन गेली.

शेवटी साळूबाई आली.

"काकू, तू बी?" भुजंग म्हणाला. "मांडीवर खेळीवलंस ना मला."

"खेळीवलं की." साळूबाई उंबऱ्यातच उभी राहिली. "पर तूच म्हनलास ना रे साहेबापुढं, मी चोर म्हनून? आमी कुठं म्हनलं?"

भुजंगनं किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली. तिनं ती पदराच्या टोकाला तीन गाठी मारून बांधली. जाताना कुत्र्याला हाक मारून बरोबर घेऊन गेली.

थोड्या दिवसांत वेचणी संपली, माणसं घरी बसू लागली आणि चोऱ्या थांबल्या. गल्लीनं हिशेब केला: भुजंग धरला, चोऱ्या थांबल्या. आता याहून पुरावा काय पाहिजे? काही लोक तर त्याला थांबवून हळूच विचारत, "भुजंगभाऊ, रेडिओ कितीला गेला?" लाडवांचा डबा गेलेली बाई आली आणि म्हणाली, "लाडू खाल्लेस त्याचं काही न्हाई रे. डबा तेवढा दे, माहेरचा हाये." भुजंगकडं डबा नव्हता. ती समजुतीनं मान हलवून गेली, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा आली.

कपडे शिवायला लोक यायचे, नाही असं नाही. फक्त माप देताना खिशावर हात ठेवून उभे राहायचे, त्यामुळं बाह्यांची मापं चुकू लागली.

भिंतीवर नुसते खिळे राहिले होते. भुजंग त्यांच्याकडं पाठ करून बसायला शिकला. आणि एका सकाळी पाठीमागं ओळखीचा आवाज झाला, खिळ्याला किल्ली लागल्याचा. तो वळला. खिडकीतून हात आत आलेला. हाताच्या केसांत पीठ.

"आमची नंदाबाई हरभऱ्याला गेली," मच्छिंद्र बाहेरून हलक्या आवाजात म्हणाला. दोन्ही बाजूंना बघत होता. "मी गिरणीवर. किल्ली राहू दे."

भुजंगनं किल्लीकडं पाहिलं. "चोराकडं?"

"काहून असा बोलतो लेका? तू चोर न्हाईस हे माझ्याहून जास्त कुणाला ठाऊक हाये? पुऱ्या गावात भरोसा टाकावा असा तू एकटा. दलातल्या गड्यांकडं देऊ म्हनतो का? कडूबा चोराला कपाटबी पोचवून देईल."

"मंग सांग ना हे पारावर."

"सांगनार, बिलकुल सांगनार! इलेक्शन तेवढं होऊ दे. जल्दी करून काम बिघडतं." आणि हात निघून गेला.

खरं तर भुजंगनं तेव्हाच ती किल्ली रस्त्यावर फेकायला हवी होती. फेकली नाही. रिकाम्या भिंतीवर एक किल्ली बरी दिसत होती, आणि सांगणार म्हणाला होता. रोज सकाळी हात येई, किल्ली ठेवून जाई. संध्याकाळी हात येई, किल्ली घेऊन जाई. दोस्तीचा मनगटापर्यंतचा भाग तेवढा उरला होता.

इलेक्शन झालं. "चोर पकडणारा कप्तान" म्हणून मच्छिंद्र भरघोस निवडून आला. पारावर भाषण झालं. भुजंग मुद्दाम पुढं जाऊन बसला. मच्छिंद्रनं मतदारांचे आभार मानले, मारुतीचे मानले, दलाचे मानले. मग त्याची नजर भुजंगवर पडली, आणि तो म्हणाला, "गुन्हेगारीला या गावात जागा न्हाई!" टाळ्यांचा कडकडाट झाला. भुजंगच्या शेजारचा माणूस टाळ्या वाजवता वाजवता थोडा सरकून बसला.

घरी येऊन भुजंगनं पक्कड घेतली आणि भिंतीतले सगळे खिळे उपटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हात आला. किल्ली घेऊन नेहमीच्या जागी गेला. खिळा नव्हता. हात डावीकडं चाचपडला, उजवीकडं चाचपडला, भिंत थोपटू लागला. भुजंगनं मशीन थांबवली आणि ते मनगट दोन्ही हातांनी धरलं.

"चोर!" तो ओरडला. "चोर! चोर! माझ्या घरात हात घातला! धावा!"

"आरं, काय करून राह्यला? सोड!" बाहेरून मच्छिंद्र घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"आता सांग. एक तर चोर हाय म्हनून सांग, न्हाई तर किल्ली ठेवाया आल्तो म्हनून सांग. दोन्हीतलं कोनतंबी चालंल मला."

शिट्ट्या वाजल्या. आणि काय सांगावं, स्थापनेपासून पहिल्यांदा दल वेळेवर आलं. कडूबा सगळ्यांत पुढं. मागून पुंजाराम, साळूबाई, पायात येणारं कुत्रं, अर्धी गल्ली. सगळ्यांनी पाहिलं ते असं: गावचे नवे मेंबर, दलाचे कप्तान, मच्छिंद्रभाऊ, खांद्यापर्यंत भुजंगच्या खिडकीत अडकलेले.

कडूबाच्या तोंडातून शिट्टी गळून दोरीला लोंबकळली. आत भुजंग मनगट धरून उभा होता, आणि त्याला वाटत होतं की आता सुटका नाही. चोर म्हणाला तरी फसला, भरोसा म्हणाला तरी फसला. तिसरं काही जगात नव्हतंच.

मच्छिंद्रनं मोकळ्या हातानं टोपी सरळ केली.

"शाबास!" तो गरजला. "तालीम होती. बराबर टायमात आलात. कडूबा, तू पयला. आता ह्याला म्हनतेत दल!"

कडूबानं टाच आपटून सलाम केला. लोक हसले, कुणीतरी टाळी वाजवली. साळूबाई म्हणाली, "काळीजच हाललं की माझं," आणि भुजंगकडं पाहून, "तालमीला का होईना, तुझा उपयोग हाये रे," असं कौतुकानं बोलली.

भुजंगची बोटं सुटली. हात बाहेर गेला. किल्ली मात्र आत राहिली, भुजंगच्या मुठीत.

"संध्याकाळी नेतो," मच्छिंद्र ओठ न हलवता म्हणाला आणि दलाला घेऊन गेला.

गल्ली रिकामी झाल्यावर भुजंगनं मूठ उघडली. किल्ली खिडकीच्या बाहेरच्या कट्ट्यावर, रस्त्याच्या बाजूला, उन्हात ठेवली. मशीन उचलून खोलीच्या दुसऱ्या भिंतीशी नेली. जड होती, पाय साथ देत नव्हता, पण नेली. आणि खिडकीकडं पाठ करून तो काजं करायला बसला.

संध्याकाळी हात आला नाही. मच्छिंद्र सगळाच्या सगळा दारात आला.

"किल्ली?"

"कट्ट्यावर ठेवल्ती."

"कट्ट्यावर न्हाई."

"मंग नेली असंल कुणी."

"कुणी नेली?" मच्छिंद्रचा आवाज चढला. "तू हितंच तर बसलेला होता! कोन आल्तं? कोन गेल्तं?"

"मी न्हाई पाह्यलं," भुजंग म्हणाला. त्यानं दातानं दोरा तोडला. "पाहायचं काम दलाचं हाये."

मच्छिंद्र पळत घरी गेला. कुलूप शाबूत होतं, कोयंडा शाबूत होता, आणि बायको रानातून यायची होती. तो स्वतःच्या ओसरीत, पाहुण्यासारखा, बंद दाराकडं बघत बसला. आत टीव्ही होता का नव्हता, त्याला कळत नव्हतं. चौकीत जावं तर जमादार पहिलंच विचारणार होते, किल्ली कुणाकडं होती?